कोणीच बंद न केलेली धून

माझ्याइतकं संगीत आजवर कोणाचंही बंद केलं गेलेलं नाही. हे मी छाती फुगवून सांगतो. मोठ्या गवयाच्या मैफलीतून फार तर पाच-पंचवीस माणसं उठून जातात. माझं वाजायला लागलं की ब्राझीलपासून बागलाणपर्यंतची माणसं एकाच क्षणी एकच बोट उचलतात आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्याशा कर्ण्यावर टेकवतात. कर्ण्यावर फुली येते आणि मी गप्प होतो. पुढे ती माणसं तासन्‌तास खेळत बसतात, माझ्याशिवाय.

मी मोबाइलवरच्या गेमना संगीत द्यायचो. हे सांगितलं की समोरचा विचारतो, "म्हणजे गाणी?" नाही. गाण्याला शब्द असतात, आमच्याकडे नुसती वाद्यं. त्यातही जाती आहेत. गेम उघडल्यावर वाजते ती थीम. ती नवरदेवासारखी असते, एकदाच मिरवते. जिंकल्यावर किंवा हरल्यावर दोन-तीन सेकंदांत उडून जाते ती जिंगल. भिंतीआडून अचानक कुणी अंगावर येतं तेव्हा 'ढॅण्‌' करून चावतो तो स्टिंगर, मी त्याला डंख म्हणायचो. संकट वाढत गेलं की त्याच धुनेवर आधी ढोल, मग ताशा, मग तुतारी असे एकावर एक चढतात ते लेयर, म्हणजे थर. आणि खेळ चालू असेपर्यंत मागे गोल गोल फिरत राहते ती लूप. शेवट आला की पुन्हा पहिल्यापासून, आणि शेवट आला होता हे कुणाला कळता कामा नये.

थीममध्ये मी राजा होतो. जिंगलमध्ये सम्राट. डंखात तर असा होतो की आमच्या ऑफिसातल्या एकाच्या हातून माझा डंख ऐकून चहा सांडला आणि कीबोर्डचं 'ए' बटण कायमचं गेलं. लूपमध्ये मी कोण होतो, हे मला अकरा वर्षं कुणी सांगितलं नाही. ज्या बाईनं सांगितलं तिच्यावर मी किती जळलो, त्याची ही गोष्ट.

आधी मृणाल. आमच्या गेम कंपनीची ही मालकीण. ऑफिस गंगापूर रोडला, दाताच्या डॉक्टरांच्या बरोबर वर. खालून ड्रिलचा आवाज फरशीतून यायचा. तो पक्का काळी चारच्या पट्टीत लागायचा, म्हणून मी माझ्या अर्ध्या धुना काळी चारमध्येच केल्या. म्हटलं, निदान जुळेल तरी. त्याआधी मी ऑर्केस्ट्रात सिंथेसायझर वाजवायचो. मालेगावच्या एका लग्नात मी शेवटाला अशी काही उसळी घेतली की जनरेटर आपणहून बंद पडला. लोक म्हणतात डिझेल संपलं होतं. लोकांना काय. मृणालनं मला तिच्या मावसबहिणीच्या हळदीत ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी फोन केला. "काका, तुम्ही कशातूनही काहीही आवाज काढता. आमच्याकडे याल का?"

गेलो. काय काय केलं म्हणून सांगू! यंत्रमागांवर एक गेम होता, त्यासाठी मालेगावात जाऊन माग भरून आणले, म्हणजे त्यांचा आवाज. चाळीस माग एकदम चालू. माइक धरून उभा राहिलो तर मागवाले चाचा जवळ आले आणि कानाशी ओरडले, "साहब, इस आवाज़ से तो हम भागते हैं, और आप भर के ले जा रहे!" त्या खटखटीवर मी बासरी बसवली. खेळणाऱ्यांनी दोघांनाही एकदमच फुली मारली.

कर्ण्यावर कोण कधी बोट ठेवतं हे कंपनीच्या मशीनला कळायचं. त्याची एक रेघ निघायची. खेळायला बसलेल्यांपैकी किती जणांचा आवाज अजून चालू आहे, मिनिटामिनिटाला. माझी रेघ कसाऱ्याच्या घाटासारखी होती. सुरुवातीला उंच आणि मग वळणंबिळणं काही नाही, थेट खाली. मृणाल ती मला दाखवायची नाही. मी चोरून बघायचो आणि म्हणायचो, लोकांचे कानच बिघडलेत.

मग मोरेशेठ आले. पिंपळगाव बसवंतचे द्राक्षांचे व्यापारी, स्वतःचं पॅकहाऊस, स्वतःची कोल्ड स्टोरेज. त्यांना स्वतःचा गेम हवा होता. टेम्पोत द्राक्षांच्या पेट्या भरायच्या, महामार्गाला लागायचं, खड्डे चुकवत, घाट उतरत बंदरापर्यंत माल पोचवायचा. मणी फुटला की हरलात. मोरेशेठ खुर्चीत बसले नाहीत, सांडले. हरल्यावरची जिंगल मी त्यांना ऐकवली. सारंगीवर केली होती, अशी की दगडाला पाझर फुटावा.

शेठनी हात वर केला. "थांबा, थांबा. हे रडकं नको राव. आमच्या धंद्यात आधीच लय रडणं हाय. माल फुटला तरी माणसाला वाटलं पाहिजे, उद्या पुन्हा भरू."

मी तिथल्या तिथे सारंगी काढून पिपाणी लावली. शेठ खूश. मृणाल खूश. थीम आली, जिंगला आल्या, डंख तर खड्ड्याखड्ड्याला वेगळा. राहिली फक्त रस्त्यावरची लूप. आणि तीच खरी. कारण माणूस तीस सेकंद थीम ऐकतो आणि दोन तास रस्ता.

नेमकी तेव्हा मृणाल नाशिकरोडला एका तबल्याच्या क्लासला गेली. तिची मैत्रीण तिथे शिकायची. परत आली ती नाचतच. "काका, तिथे एक बाई पाऊण तास एकच ओळ वाजवत होत्या पेटीवर. एकच! आणि मला कंटाळा नाही आला. मला तर मध्येच विसरायला झालं की काही वाजतंय म्हणून."

"विसरायला झालं?" मी म्हटलं. "मग चांगलं कसलं?"

"तेच तर!" मृणाल म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्यानं माझ्या पोटात जे काही पेटलं ते अजून विझलेलं नाही.

दोन दिवसांनी मृणालनं बोलावलेल्या त्या पेटीवाल्या साळवेबाई ऑफिसात आल्या. कमल साळवे. ओझरला विमानाच्या कारखान्यात स्टोअरमध्ये नोकरी करून निवृत्त झालेल्या. माझ्याच वयाच्या, पण तशा दिसायच्या नाहीत, हेही मला आवडलं नाही. पेटी जुन्या पडद्याच्या कापडात गुंडाळलेली. वडिलांची गायन पार्टी होती, जयंतीला गावोगाव जायची, तिथे बाई लहानपणी पेटी शिकल्या. पुढे कामावरून सुटल्यावर तबल्याच्या क्लासात गुरुजींकडे लेहरा धरायला लागल्या, तो आजतागायत.

लेहरा म्हणजे काय ते सांगतो. तबला एकटा वाजतो तेव्हा त्याला पायाखाली जमीन लागते. ती जमीन म्हणजे सोळा मात्रांची एक छोटी ओळ. पेटीवाला तीच ओळ फिरवत राहतो, तबलजी तिच्यावर वाटेल त्या उड्या मारतो आणि पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, येऊन उतरतो. पेटीवाल्यानं हलायचं नाही. कुणाला वाटेल हे तर हमालीचं काम. मलाही वाटलं.

माझ्या भिंतीवर मी आमच्या धंद्याचे शब्द लिहून चिकटवले होते. थीम, लूप, जिंगल, डंख, थर. साळवेबाईंनी चष्मा वर करून वाचले. लूपवर बोट ठेवून विचारलं, "हे काय?"

मी खुलासा केला. बराच वेळ केला. हातवारेही केले.

"म्हणजे लेहराच की," बाई म्हणाल्या आणि पर्समधून चणे काढून खाऊ लागल्या.

मग त्या वाजवायला बसल्या. मी रेकॉर्डिंगचं यंत्र लावलं. बारा मिनिटं. एक स्वर इकडचा तिकडे नाही. मी मनात म्हणत होतो, आता बदलेल, आता तान घेईल, आता तरी कंटाळेल. छे! फक्त भात्यावरचा हात किंचित हलका व्हायचा, किंचित भारी. तेवढंच. बाराव्या मिनिटाला मी घड्याळाकडे बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की मधली सात मिनिटं मी कुठे होतो हे मला ठाऊक नाही. एवढा राग मला जनरेटर बंद पडला तेव्हाही आला नव्हता.

मृणाल म्हणाली, "काका, तुम्हीही एक करा. दोन्ही लावून बघू. जी चालेल ती ठेवू."

केली. माझी लूप म्हणजे महाल होता हो! सनई, मँडोलिन, मागून ढोलकी, आणि शेवटाला तिहाई. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणायचा आणि तिसऱ्याचा शेवटचा ठोका बरोबर समेवर आदळायचा. मैफलीत तिहाई पडली की माना डोलतात. ऑर्केस्ट्रात तर लोक शिट्ट्या मारतात. मी प्रत्येक फेरीच्या शेवटाला ती बसवली. दर चाळीस सेकंदांना एक शिट्टी, असा हिशोब.

बाईंची लूप कापून, साफ करून द्यायचं कामही माझंच होतं. आणि इथे, वाचकहो, मी एक गोष्ट केली. आवाजाची फाइल आवळून लहान करायचे दोन प्रकार असतात. एकात शेवट आणि सुरुवात चिकटून बसतात. दुसऱ्यात शेवटाला पापणी लवेल एवढी मोकळी जागा राहते. कानाला कळत नाही म्हणतात. लूपमध्ये कळते. चालताना दर वेळी एकाच दगडाला ठेच लागावी तशी. हे मला अकरा वर्षं ठाऊक होतं. माझ्या धुनेला मी पहिला प्रकार लावला. बाईंच्या धुनेला दुसरा.

ऑफिसात दोन्ही लावल्या. सगळे म्हणाले, बाईंची छान आहे, पण कुठेतरी लंगडते. मृणालनं बाईंना बोलावून ऐकवली. साळवेबाईंनी डोळे मिटले. पहिल्या फेरीला बोट टेबलावर पडलं. दुसऱ्या फेरीला हवेतच राहिलं.

"इथं माझा एक श्वास जास्त झालाय," त्या म्हणाल्या.

"मशीन आहे बाई," मी म्हटलं. "मशीनचं असंच असतं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "असेल. मी स्टोअरमध्ये आयुष्य काढलं, देवरेसाहेब. माल कमी आला की ड्रायव्हर म्हणायचा रस्ता खराब आहे. रस्ता मात्र कधी काही बोलला नाही."

आणि पर्स उचलून गेल्या. भांडल्या नाहीत, रुसल्या नाहीत. माझी धून ठरली. मी त्या दिवशी घरी पेढे नेले. बायकोनं, सुनंदानं, विचारलं, "कशाबद्दल?" मी म्हटलं, "महामार्ग जिंकला."

गेम बाजारात सोडायच्या आधी मोरेशेठनी स्वतःच्या माणसांना खेळायला दिला. पॅकहाऊसमधल्या बायका, पेट्या चढवणारे, टेम्पोचे ड्रायव्हर. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत सगळे फोन काढून बसले. मी मुद्दाम गेलो होतो. म्हटलं, शिट्ट्या ऐकाव्यात.

पाच मिनिटं सनई नुसती घुमली. दहाव्या मिनिटाला एकेक फोन मुका होत गेला. पंधराव्याला शेडमध्ये फक्त डबे उघडल्याचे आवाज. खेळ मात्र सगळ्यांचा चालू! बोटं नाचत होती.

मी एका ड्रायव्हरजवळ गेलो. पन्नाशीचा माणूस, हातात भाकरी, दुसऱ्या हातात फोन. "आवाज का बंद केला हो?"

"वाजवणारा चांगला हाय," तो म्हणाला. मी फुललो. "पण काका, ते दर वेळी शेवटाला ठाक-ठाक-ठाक करतं ना, मला वाटतं पोचली गाडी. पाय आपोआप ब्रेकवर जातो. आन् बघतो तर गाडी अजून घाटातच. दर मिनिटाला पोचायचं आन् पोचायचंच नाय. डोक्याला ताप."

शेजारची बाई पेटीत कागद लावता लावता म्हणाली, "मला तर वाटलं खेळच संपला."

मी परत येताना टेम्पोतच आलो. ड्रायव्हरनं गाणी लावली होती, मी ती बंद करायला सांगितली. माझी तिहाई! ज्या तिहाईवर मी तीस वर्षं टाळ्या घेतल्या, तीच प्रत्येक फेरीला ओरडून सांगत होती, संपलं, उतरा. शेवट लपवायचा धंदा माझा, आणि शेवटावर मी नगारा ठेवला होता. मैफलीतला माणूस मैफलीतलं शहाणपण रस्त्यावर घेऊन गेला की असं होतं.

संध्याकाळी मी नाशिकरोडला गेलो. मृणालला न सांगता. साळवेबाई क्लासातच होत्या. एक पोस्टातले कारकून, कुलकर्णी नावाचे, तबल्याचं परीक्षेचं घोकत होते आणि बाई पेटी धरून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "या. बरं झालं आलात. मनगट आज ठणकतंय. जरा लेहरा धरता का?"

मी ऑर्केस्ट्राचा बादशहा. सोळा मात्रांची ओळ म्हणजे काय मोठं? बसलो. पहिली चार-पाच मिनिटं नीट गेली. मग माझी करंगळी शिवशिवायला लागली. एक छोटीशी हरकत घेतली. कुणाला कळणार आहे? मग एक मुरकी. मग तिसऱ्या सप्तकात जाऊन एक फेरफटका. आणि मग, देवाशपथ सांगतो, बोटांनी माझी परवानगी न घेता तिहाई घेतली.

कुलकर्णी सम सोडून तिसरीकडेच उतरले. थांबले. कपाळाला हात लावला. गुरुजी कोपऱ्यात चहा पीत होते. ते म्हणाले, "पेटीवर कोण आहे? त्यांना सांगा, मैफल त्यांची नाही."

मी हात काढले. बाईंनी पेटी आपल्याकडे ओढली आणि ठणकणाऱ्या मनगटानं ती ओळ पुन्हा सुरू केली. कुलकर्णी तीन आवर्तनांत जमिनीवर आले.

"कसं जमतं?" मी विचारलं. त्या वाजवता वाजवताच बोलत होत्या, हेही मला जमलं नसतं.

"काय कसं? कुलकर्णींचं ऐकते. माझं नाही ऐकत."

"कंटाळा?"

"माझं ऐकलं असतं तर आला असता."

एवढंच. मी रिक्षानं घरी आलो. सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेलो, बाईंची मूळ रेकॉर्डिंग काढली, त्यातली दोन मिनिटं पुन्हा कापली आणि पहिल्या प्रकारानं, चिकटवून, आवळली. मृणालला म्हटलं, "मशीनचा दोष सापडला. बाईंचीच लावू." तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मोठं मन आहे हो काका तुमचं." तो हात मला दिवसभर जड वाटला.

गेम बाहेर पडला. रेघ निघाली. माझी रेघ घाट होती, बाईंची आडगावच्या पुढचा सपाट रस्ता. जाते आणि जातच राहते, उतार नाही. माणसं तासभर खेळत होती आणि धून तासभर चालू होती. आमच्या कंपनीत हे कधी झालं नव्हतं.

आता नावाचं. गेमच्या शेवटी एक पडदा येतो, कुणी काय केलं त्याचा. आमच्याकडे पद्धत अशी की संगीताच्या फायली जो देतो तोच संगीताची ओळ भरतो. जागाही एकाच नावाची. मी भरली. 'संगीत : नंदकुमार देवरे.' हात थांबला होता, खोटं नाही सांगत. पण थीम माझीच होती की. जिंगला माझ्या. डंख माझे. आणि बाईंनीच एकदा सांगितलं होतं की ही ओळ त्यांची नाही, गुरुजींकडून आलेली. मग कुणाचीच नाही म्हटल्यावर माझी का नाही? मनाला वकील लागत नाही, ते स्वतःच वकील असतं.

मोरेशेठनी पॅकहाऊसमध्ये कार्यक्रम ठेवला. पेट्यांच्या थप्प्यांपुढे मंडप, माइक, शाल-श्रीफळ. मृणालनं साळवेबाईंनाही बोलावलं होतं. त्या तिसऱ्या रांगेत, पॅकहाऊसच्या बायकांमध्ये बसल्या होत्या. मोरेशेठ माइकवर म्हणाले, "संगीताबद्दल बोलायचं तर, माझा ड्रायव्हर आता खऱ्या घाटातबी हीच धून तोंडानं वाजवतो. हे ज्यांनी केलं ते आपले देवरेकाका!"

टाळ्या. मी चढलो. शाल पडली. माइक हातात आला. समोर तिसऱ्या रांगेत बाई टाळ्या वाजवत होत्या, अगदी मनापासून, त्यात तिरकस काही नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं. 'ही धून साळवेबाईंची आहे.' चार शब्द. मी वीस मिनिटं बोललो. मालेगावचा जनरेटर सांगितला. यंत्रमाग सांगितले. माझ्या डंखानं खालच्या मजल्यावर डॉक्टरांनी भलताच दात काढला असंही सांगितलं, जे झालं नव्हतं. लोक हसून हसून लोळले. ते चार शब्द तेवढे राहिले.

कार्यक्रमानंतर साळवेबाई जवळ आल्या. "छान बोललात. इतकी माणसं हसवणं माझ्यानं नसतं झालं."

आणि बघा, माझ्या मनात काय आलं? हिला माझा हेवा का वाटत नाही? निदान थोडासा? मी हिच्यावर महिनोन्‌महिने जळतोय आणि ही बाई चणे खातेय.

घरी सुनंदानं शाल घडी घालून हातात घेतली, उजेडात धरली. "चांगली आहे," म्हणाली. "कोणाची?"

तिला कुणी सांगितलं देव जाणे. बहुतेक माझ्याच तोंडावर लिहिलं असेल. दुसऱ्या दिवशी मी मृणालला सगळं सांगितलं. ती पापणीएवढी मोकळी जागा, दोन प्रकारच्या फायली, शेवटचा पडदा, सगळं. खालचं ड्रिल तेवढं चालू होतं.

"काका, तुम्ही मला तेव्हाच सांगायला हवं होतं," ती म्हणाली. आणि मग, "सोमवारी नवा अपडेट जातोय. काय लिहू?"

"संगीत, कमल साळवे."

"आणि तुमचं?"

"माझं काय. जागा एकच आहे."

त्यानंतर मी कंपनीत फार दिवस राहिलो नाही. कुणी काढलं नाही. थीम करायला बसलो की शेवटाला तिहाई यायची आणि मला पॅकहाऊसमधली ती शांतता ऐकू यायची, म्हणून मीच थांबलो. पण सोमवारी अपडेट गेला तेव्हा मी होतो, आणि गेल्या गेल्या मी साळवेबाईंना फोन लावला. खरं सांगतो, मला त्यांच्या तोंडून काहीतरी ऐकायचं होतं. गहिवर म्हणा, राग म्हणा, काहीही. एवढा मोठा त्याग करून बसलो होतो.

"बाई, नाव बदललं. आता तुमचं आहे."

"कुठं?"

"गेममध्ये. शेवटी. उघडून बघा ना."

"अहो, माझा बटणाचा फोन. त्यात कसलं दिसायचं?"

"बाई, आधी मीच चूक केली होती. ती फाइल..."

"माहीत आहे हो," त्या मध्येच म्हणाल्या. "तुमचा चेहरा बघितला होता ना त्या दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तुमची पण पोटापाण्याची जागा. आणि नावाचंच म्हणत असाल तर गुरुजींचं टाकायला हवं होतं. ओळ त्यांची."

मी धावत मृणालकडे गेलो. ती म्हणाली, "काका, गुरुजी म्हणतील त्यांच्या गुरूंची. कुठवर जाऊ मी?" मी परत फोनवर आलो आणि बाईंना ते सांगितलं.

"मग राहू द्या मोकळंच," साळवेबाई म्हणाल्या. "किंवा तुमचंच परत घाला. तुम्हाला हौस आहे." टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं. "चला, ठेवते. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्यात."

ज्या एका ओळीसाठी मी ठेच पेरली, चार शब्द गिळले, वीस मिनिटं खोटं हसवलं आणि शेवटी नाक घासून ती परत केली, ती ओळ बाईंनी अशी बाजूला सारली जशी भाजीवालीनं जास्तीची घातलेली कोथिंबीर आपण परत करतो, घरी आहे म्हणून. त्यांच्या बोटांचा हेवा मला वाटला होता, मनगटाचा वाटला होता, सपाट रेघेचा तर झोप उडवणारा वाटला होता. पण तो सगळा हेवा एकत्र केला तरी त्या दिवशी फोन ठेवल्यावर जो वाटला त्याच्या पासंगाला पुरणार नाही.